बाईंची समाधी

"रामाचं नाव घेताना एकदा तरी…" एवढं म्हणून बाई थांबल्या.

मी मागे पेटीवर होतो. कीर्तनकार निरूपणात थांबला की मागच्याने सूर सोडायचा नाही, म्हणून मी षड्ज धरून भाता हलवत राहिलो. बाईंचा चिपळ्यांचा हात वर होता. चिपळ्या वाजल्या नाहीत. हात हळूहळू खाली आला, कुणीतरी अलगद काढून घ्यावा तसा. डावा खांदा किंचित कलला. तबल्यावर महादेव गुरव होता, त्याने माझ्याकडे पाहिलं. मग बाईंनी असा श्वास घेतला की तो कर्ण्यातून सबंध मंडपाला ऐकू गेला, आणि राहिलेलं वाक्य पुरं केलं.

"…जगाचा आवाज बंद झाला पाहिजे."

मंडपात कुणी खोकलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने हात जोडले, आणि तिच्या मागोमाग बायकांची सगळी बाजू हात जोडून बसली.

ही चैत्रातल्या पंचमीची संध्याकाळ. कासारखेडच्या राममंदिरात पाडव्यापासून नवमीपर्यंत रोज कीर्तन असतं, आणि त्या वर्षी सगळे दिवस बाईंकडे होते. बाई म्हणजे शैलजाबाई करमरकर, माझी बायको. घरी ती शैला. पण गादीवर उभी राहिली की मीसुद्धा तिला बाई म्हणायचो आणि अहो-जाहो करायचो. ती गादी नारदाची. तिच्यावर जो उभा, त्याच्या पाया सगळ्यांनी पडायचं. तिथे बाप मुलाच्या पाया पडतो. पूर्वरंग संपला की कीर्तनकाराला बुक्का लावतात, हार घालतात, आणि श्रोते एकेक करून पुढे येतात. मीही पेटीवरून उठून जायचो. तीस वर्षं गेलो. घरी परतताना ती हमखास विचारायची, "आज जरा कमी वाकलात. कंबर धरली का?"

त्या दिवशी मला तिच्यापर्यंत पोचताच आलं नाही, एवढी रीघ लागली. उत्सव मंडळाचे अध्यक्ष दामूअण्णा शेटे हार घालून आले ते थेट माझ्या कानाशी लागले.

"नाना, समाधी लागली हो बाईंना! मी तोंडासमोर होतो. चेहरा आधी पांढराफटक, आणि मग असा लाल झाला, की आतून दिवा लावलाय जसा."

महादेव तबला ठोकून सुरात लावत होता. मान वर न करता तो म्हणाला, "अण्णा, चैत्र आहे. माझाही चेहरा लालच आहे."

"तुझा तंबाखूने आहे."

षष्ठीला पुन्हा तसंच झालं. या वेळी नामाच्या गजरात. सगळा मंडप टाळ्या वाजवत होता आणि मधोमध बाई गप्प उभ्या. मग तोच मोठा श्वास, आणि पुन्हा नाम. दुसऱ्या दिवशी सकाळी शेट्यांची माणसं मंडपाला आणखी दोन कनाती जोडताना दिसली.

आम्ही उतरलो होतो ती खोली देवळाच्या मागेच होती. सप्तमीच्या सकाळी शैला चहाबरोबर गोळी घेत होती. मी विषय काढला.

"शैला, काल काय होत होतं तुला?"

"तुम्हाला काय वाटलं?"

"मला वाटलं, तू पडतेस."

ती हसली. कप खाली ठेवून म्हणाली, "अहो, चाळीस वर्षं मी लोकांना सांगतेय, नाम घेता घेता सगळं थांबतं, मीपण गळून पडतं. आजोबांनी शिकवलं तसं सांगतेय. मला एकदाही झालं नव्हतं. तुम्हाला माहीत नव्हतं ना हे?"

"नव्हतं."

"सांगणार कुणाला? पेढेवाल्याने गिऱ्हाइकाला सांगावं का, की मी कधी पेढा चाखलेला नाही?"

"आणि आता?"

"आता आवाज जातो. आधी तबला जातो, मग तुमची पेटी, मग माझा मला. भीती वाटत नाही. सगळं पांढरं, स्वच्छ असतं. आणि परत येते ना, तेव्हा रडू फुटेल असं होतं."

मी भाविक माणूस आहे. कीर्तनाइतकं गोड या जगात दुसरं काही नाही असं मला लहानपणापासून वाटत आलंय, आणि शैला जे सांगत होती त्यावर माझा पूर्ण विश्वास बसला. पण देवळाच्या पायऱ्या चढताना तिला दम लागत होता, तोही मी पाहिला होता.

"डॉक्टरांना फोन करतो," मी म्हणालो.

"देवाचं डॉक्टरांना विचारता?"

"देवाचं नाही. तुझं."

उत्सवाच्या तीन आठवडे आधी तिच्या छातीत दुखून आलं होतं. सांगलीला नेऊन अँजिओप्लास्टी केली, स्टेंट बसवला. त्यात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून सकाळ-संध्याकाळ एक गोळी होती, टिकाग्रेलॉर नावाची. ते नाव शैलाच्या जिभेवर कधी बसलं नाही, ती तिला 'टिकली' म्हणायची. हळू आवाजात, बेताने कीर्तन करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. डॉक्टर म्हणजे रेणुका मगदूम, आमच्या मुलीच्या वयाची बाई.

फोनवर तिने पहिलं विचारलं, "काका, त्या पडल्या का कुठे?"

"नाही."

"आत्ताच घेऊन या. आणि गोळी तुमच्या मनाने बंद करू नका. स्टेंट नवा आहे, गोळी सोडली तर तो तुंबेल."

सांगलीला छातीचा आलेख काढला, त्यात काही दोष निघाला नाही. तरी डॉक्टर दाखल करून घ्यायला बघत होत्या. शैला ऐकेना, संध्याकाळी कीर्तन होतं. मग डॉक्टरांनी एक यंत्र काढलं. छातीला तारा चिकटवायच्या आणि कमरेला डबी बांधायची, म्हणजे दिवसभराचा प्रत्येक ठोका त्यात नोंदला जातो.

शैलाने डबी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "हे लावून कीर्तन केलं तर चालेल?"

"उलट बरंच."

"मग लावा. यंत्रालाही बघू दे."

तिला साक्षीदार हवा होता, हे मला कळलं. शरीर आपलं काम बिनबोभाट करत होतं आणि आपण मात्र दुसरीकडे होतो, असं ते यंत्र सांगेल अशी तिची खात्री होती.

संध्याकाळी नऊवारीच्या ओच्यात डबी लपवून ती मंडपात आली, तेव्हा महादेवाने मान तिरकी करून पाहिलं. "बाई, साथीला तिसरा आणलात म्हणे. त्याला ताल समजतो का?"

"तुझ्यापेक्षा बरा समजत असेल. निदान मध्ये तंबाखू मळायला थांबत नाही."

त्या दिवशी ती दोनदा थांबली. दुसऱ्या वेळी शेजारचा खांब धरला. मंडपातून रामनामाचा असा गजर उठला की मला माझी पेटी ऐकू येईना. कीर्तन संपल्यावर शेट्यांनी कर्ण्यावरून सांगितलं, "नवमीला दुपारी जन्माचं कीर्तन. आपापल्या पाहुण्यांना बोलवा. असा योग पुन्हा नाही."

अष्टमीला आम्ही यंत्र परत द्यायला गेलो. डॉक्टरांनी आम्हाला आत बसवलं आणि पडदा आमच्याकडे वळवला. त्यावर टोकदार रेघा ओळीने चालल्या होत्या.

"हे ठोके," त्या म्हणाल्या. "आणि हे बघा."

रेघा संपल्या. पुढे नुसती सपाट ओळ, बरीच लांब. मग पुन्हा रेघा.

"इथे ठोका नाही. पाच सेकंदांहून जास्त वेळ नाही. काल संध्याकाळचं आहे हे."

"कीर्तनातलं," शैला म्हणाली. तिचा आवाज शांत होता, जवळजवळ आनंदी. "म्हणजे हृदयसुद्धा थांबलं होतं?"

"हो, थांबलं होतं."

"बघा," शैला मला म्हणाली.

डॉक्टरांना त्यातलं काही उमगलं नाही. त्यांनी पडदा पुढे सरकवला. पुन्हा तीच सपाट ओळ. "हे आज सकाळचं. सात वाजून गेले होते. काय करत होतात तेव्हा?"

शैला आठवू लागली. मला आधी आठवलं. "दूधवाल्याशी भांडत होती. दुधात पाणी होतं म्हणून."

भांडता भांडता ती मध्येच चौकट धरून गप्प झाली होती. आपल्याला माफी मिळाली असं समजून दूधवाला सायकलवर बसून निघूनही गेला होता.

"हे पहाटे झोपेतलं," डॉक्टर सांगत होत्या. "आणि हे काल दुपारचं. इथून परत जाताना बसमध्ये असाल."

शैलाने पुढे वाकून त्या ओळी पाहिल्या. मग म्हणाली, "बसमधलं मला कळलंसुद्धा नाही."

"छोटं असेल तर कळत नाही. हे तुमच्या गोळीचं आहे, मावशी. गोळी चांगली आहे, पण काही जणांना दम लागतो, आणि काही थोड्या जणांत हृदयाचा पुढचा ठोका सुटायला उशीर होतो. पुष्कळदा आपोआप थांबतं. तुमचा हा मधला खंड फार लांब आहे, म्हणून गोळी बदलायची. जुन्या धाटणीची दुसरी देते. दोन-तीन दिवसांत हे सगळं जाईल."

"सगळं?"

"सगळं."

खोलीत पंखा फिरत होता. शैला पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "परवापासून बदलली तर?"

"का पण?"

"उद्या नवमी आहे. उद्या एकदा…"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा त्या सपाट ओळीकडे पाहिलं. मग डॉक्टर खुर्ची सरकवून शैलाच्या अगदी समोर येऊन बसल्या. "मावशी, आतापर्यंत दर वेळी पुन्हा सुरू झालं. एखाद्या वेळी झालं नाही तर? मी तिथे नसेन."

शैलाने हात पुढे केला. "द्या."

नवी गोळी तिने तिथेच, डॉक्टरांच्या ग्लासातल्या पाण्याबरोबर घेतली. दाखल व्हायला मात्र ती तयार होईना. रामजन्म टाकून येणार नाही, या एका वाक्यापुढे ती हलली नाही. डॉक्टर चिडल्या, मग त्यांनी हात टेकले. उभं राहायचं नाही, बसून बोलायचं, जुन्या गोळीचा अंमल अजून शरीरात आहे तेव्हा उद्याही थांबू शकतं, आणि जन्म झाला की थेट इथे यायचं, असं सगळं त्यांनी मला दोनदा बजावलं.

गावात शिरताना वेशीवर नवा फलक दिसला. त्यावर शैलाचा फोटो आणि खाली 'समाधी-कीर्तन' असे ठसठशीत शब्द. त्या संध्याकाळी कीर्तनाऐवजी भजनी मंडळाला बसवलं. शेटे काळजीने खोलीवर आले, तेव्हा मी त्यांना सगळं सांगून टाकलं.

ते खाली टेकले. मग म्हणाले, "नाना, गोळीतून देव येत नाही असं कुठे आहे?"

शैलाने झटकन वर पाहिलं.

"बाई, तुम्हाला जे वाटलं ते वाटलं की नाही? झालं तर मग. लोकांचा भाव आहे. त्यात कुणाचं काय वाईट होतंय?"

"मी खोटं बोलू म्हणता?"

"छे, छे! गादीवरून खोटं बोला असं मी कशाला सांगेन? नुसतं गप्प राहा म्हणतोय."

शेटे गेल्यावर शैला म्हणाली, "माणूस काही चुकीचं बोलला नाही." उद्या ती गप्प राहणार, असं मी धरून चाललो.

नवमीला मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. देवापुढे फुलांचा पाळणा टांगला होता, आणि त्याची दोरी शेट्यांच्या हातात यायची होती. गादीवर खुर्ची मांडली, शैला तिच्यावर बसली. बसून कीर्तन करताना मी तिला प्रथमच पाहत होतो. आवाज मात्र खणखणीत लागला. अयोध्या सजली, राजवाड्यात धावपळ सुरू झाली, दाईला बोलावणं गेलं. बायका पुढे सरकून ऐकत होत्या.

आणि शैला थांबली.

चिपळ्या हातातून निसटून गादीवर पडल्या. मान पुढे कलली. मी सूर धरला नाही. पेटी तशीच टाकून उठलो आणि पुढे धावलो. गादीवर दुसऱ्याने पाय ठेवायचा नसतो, माझा पडला. कुणी पाहिलं नाही, सगळ्यांचे डोळे मिटलेले होते आणि नामाचा गजर चालला होता. मी तिचा दंड धरला, तेवढ्यात तिने तो मोठा श्वास घेतला.

"आहे मी," ती पुटपुटली. "बसा तुम्ही."

मी बसायच्या आत गर्दीतून एक तरुण बाई वाट काढत पुढे आली. तिच्या कडेवर वर्षाची मुलगी होती. ती तिने सरळ शैलाच्या पायांशी ठेवली.

"बाई, हिच्यावरून हात फिरवा. आकडी येते हिला, डोळे फिरवते. महिना झाला."

"दवाखान्यात नेलंस?"

"न्यायची होती परवा. मग तुमचं ऐकलं. म्हटलं, तुमचा हात लागला तर कशाला न्यायची?"

शैलाने मुलीकडे पाहिलं. मुलगी गादीवरच्या चिपळ्या तोंडात घालायला बघत होती. शैलाने त्या तिच्या हातातून सोडवल्या नाहीत. तिने ध्वनिक्षेपक तोंडाजवळ ओढला.

"मंडळी, आत्ता मी थांबले. चार दिवस थांबतेय. ते रामाने केलेलं नाही. मला हृदयाचं औषध चालू आहे, त्या गोळीने माझा ठोका थांबत होता. सांगलीच्या डॉक्टरांनी मला ते दाखवलंय. दूधवाल्याशी भांडतानासुद्धा थांबला होता. मला समाधी लागलेली नाही. मला कधीच लागली नाही."

शेट्यांनी कपाळावर हात मारला. मग पुढच्या रांगेतली म्हातारी हात जोडून म्हणाली, "बघा, केवढी लीनता!"

एवढं पुरलं. लोक उठले. जो तो पायाशी यायला धडपडू लागला, मागचे पुढच्यांवर रेलले. ती तरुण बाई मुलीला पोटाशी धरून तिथेच दबली गेली. महादेव हात पसरून ओरडत होता, "अरे, मागं व्हा! पोर आहे खाली!" कुणी ऐकत नव्हतं.

शैलाने गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि ती गादीवरून खाली उतरली.

लोक जागच्या जागी थबकले. आरतीच्या आधी कीर्तनकार गादी सोडत नाही. सोडली की कीर्तन मोडलं, आणि खाली उतरलेल्या बाईच्या पाया पडायचं कारणही उरलं नाही. ती आता चष्मा लावलेली एक वयस्क बाई होती, जिचा पदर घामाने भिजला होता.

"बाई, गादी!" शेटे ओरडले. "जन्म व्हायचाय अजून!"

"जन्म रामाचा आहे, अण्णा. तुमच्या-माझ्यावाचून अडलाय होय तो?"

तिने त्या तरुण बाईच्या दंडाला धरून तिला उठवलं आणि बायकांच्या बाजूला नेऊन तिच्याशेजारी खाली मांडी घातली. "पाळणा झाला की माझ्याबरोबर सांगलीला चलायचं. मी तशीही तिकडेच निघालेय. कळलं?" ती बाई नुसती मान हलवत राहिली.

देवळातली घंटा वाजली. बारा झाले. गादी रिकामी, खुर्चीवर हार, आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत.

"अहो, पेटी!" शैला बायकांतून ओरडली, घरी ओरडते तशी.

मी पेटीवर बसलो. महादेवाने ठेका धरला. पाळणा कुणी सुरू केला ते मला सांगता येणार नाही. कोपऱ्यातून एक आवाज आला, मग दहा, मग सगळ्या. शेट्यांनी दोरी ओढली. ते रागावलेले होते, पण दोरी हळूच ओढत होते. वरून गुलाल आणि फुलं पडली.

तीस वर्षं मी तिच्या मागे बसलो होतो. कीर्तन चालू असताना शैलाचा चेहरा कसा असतो ते मला माहीत नव्हतं. त्या दुपारी तो समोर होता, बायकांच्या गर्दीत, गुलालाने माखलेला. ती बाकीच्यांसारखीच गात होती, तिचा आवाज वेगळा ऐकू येत नव्हता, आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. कुठे थांबली नाही.

शैलाला सांगलीला तीन दिवस ठेवून घेतलं. नव्या गोळीवर ठोका पुन्हा कधी थांबला नाही. त्या मुलीलाही औषध सुरू झालं. आकडी आटोक्यात आल्याचं तिच्या आईने नंतर फोन करून कळवलं. शैलाने पुढे आणखी सहा वर्षं कीर्तनं केली. कासारखेडने मात्र परत बोलावलं नाही. तो पांढरेपणा तिला पुन्हा आला का, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

पण त्या दिवशी सांगलीच्या वाटेवर, महादेवाने ठरवून दिलेल्या जीपमध्ये, ती मुलगी शैलाच्या मांडीवर झोपली होती, तिची आई शेजारी होती, आणि शैला खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, तिच्या मनाला फार लागलंय. काहीतरी बोलावं म्हणून मी शब्द शोधत होतो. तेवढ्यात तीच वळून म्हणाली, "अहो, पाळण्यात तुम्ही कोमल निषाद लावता."

"लावतो की. तीस वर्षं लावतोय."

"तिथे नाही तो."

"मग आजवर बोलली का नाहीस?"

"आजवर पुढे उभी होते," शैला म्हणाली. "मला माझाच आवाज ऐकू येत होता."